'बाय' की 'अनटिल'? जोडीतला बरोबर शब्द ऐन वेळी कसा ओळखता?

प्रश्न

नमस्कार. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. गेली नऊ वर्षं मी दिवसभर इंग्रजीत पत्रं, अहवाल आणि ईमेल लिहिते. व्याकरण वाईट नाही. पण शब्दांच्या काही जोड्या अशा आहेत की तिथे हात थबकतो. अफेक्ट की इफेक्ट, प्रिन्सिपलच्या शेवटी ए-एल की एल-ई, स्टेशनरीत ए की ई, लेस की फ्युअर. एकदा शंका आली की आधी दोन्ही बरोबर वाटतात, आणि जरा जास्त वेळ बघत बसलं की दोन्ही चुकीचे दिसायला लागतात.

त्यासाठी मी एक वही केली आहे. डाव्या पानावर एक शब्द, उजव्या पानावर त्याचा जोडीदार, खाली एकेक वाक्य. चौसष्ट जोड्या झाल्या आहेत. वही उघडली की सगळं समजतं. लिहिताना मात्र एवढंच आठवतं की ही जोडी आपल्या वहीत आहे. कुठला शब्द कुठे, ते आठवत नाही.

आज विचारायचं कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात एका मसुद्याच्या दुरुस्त्या यायच्या बाकी होत्या. मी एका सहकाऱ्यांना लिहिलं, 'प्लीज कीप द ड्राफ्ट विथ यू बाय फ्रायडे'. मला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत तुमच्याकडेच ठेवा, पुढे पाठवू नका. त्यांना मराठी येत नाही. त्यांनी 'बाय' वाचला आणि अर्थ लावला की शुक्रवार ही शेवटची मुदत आहे, त्याआधी काम उरकायला हवं. बुधवारीच त्यांनी मसुदा पुढे पाठवून दिला. एकही दुरुस्ती न होता तो बाहेर गेला, आणि मला चार जणांची माफी मागावी लागली. त्यांनी जे वाचलं ते बरोबरच वाचलं. चूक माझ्या शब्दाची होती.

बाय आणि अनटिल ही जोडी माझ्या वहीत नव्हतीच. इथे गोंधळ होऊ शकतो हेच मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मनात तेच घोळतंय की अशा न दिसणाऱ्या आणखी किती जोड्या असतील. जाणकारांनी सांगावं: पाठांतराशिवाय काही मार्ग आहे का? आणि ज्या जोडीबद्दल आपल्याला शंकाच येत नाही, ती शोधायची कशी?

पहिला प्रतिसाद

अफेक्ट-इफेक्टपुरतं सांगतो. ए म्हणजे ॲक्शन, म्हणून ए-वाला शब्द क्रियापद. ई म्हणजे एंड रिझल्ट, म्हणून ई-वाला शब्द नाम. शब्दाआधी 'द' किंवा 'ॲन' लावून वाचा, वाक्य नीट बसलं तर ई. मला एवढ्यावर भागतं.

दुसरा प्रतिसाद

वहीत चौसष्ट जोड्या आहेत आणि घात केला तो पासष्टाव्या जोडीने, हे वाचून थांबले. मी भाषांतरं तपासते, बावीस वर्षं झाली. मराठी माणसाचं इंग्रजी आणि इंग्रजीवरून केलेलं मराठी, दोन्ही रोज हातात असतं. त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा फार महत्त्वाचा वाटतो.

तुम्ही सगळ्या जोड्या एकाच वहीत एकाच पद्धतीने मांडल्या आहेत. पण या जोड्या एका जातीच्या नाहीत. स्टेशनरीची अडचण ही निव्वळ स्पेलिंगची आहे. उच्चार जवळजवळ एकच, देवनागरीत तर अक्षरंही तीच. ए-आर-वाय म्हणजे स्थिर, ई-आर-वाय म्हणजे कागद, लिफाफे वगैरे. त्यातही मौज अशी की दोघांचं मूळ एकच आहे. मध्ययुगात बहुतेक विक्रेते फिरून माल विकत, आणि एका जागी ठाण मांडून पुस्तकं, कागद विकणारा तो स्टेशनर. त्याच्या मालाला पुढे ई-वालं नाव मिळालं. लिफाफा म्हणजे एन्व्हलप, एन्व्हलपची ई, एवढं लक्षात ठेवलं की हात थांबत नाही. प्रिन्सिपलचंही तसंच. ए-एल-वाला शब्द मुळात विशेषण आहे, नॅशनल, फॉर्मल यांच्यासारखा, आणि अर्थ 'मुख्य'. मुख्याध्यापक म्हणजे मुख्य अध्यापक, आणि कर्जाचं मुद्दल म्हणजे मुख्य रक्कम. म्हणून दोघांनाही ए-एल. उरलेला एल-ई-वाला म्हणजे तत्त्व. शाळेत आपण दिन आणि दीन, पिक आणि पीक, शिर आणि शीर असेच शिकलो ना? बोलताना त्यांतला फरक कानाला फारसा कळत नाही, अर्थ धरूनच ऱ्हस्व-दीर्घ ठरवावं लागतं. या जातीला पाठांतर चालतं, आणि तुमची वही तिथे पुरेशी आहे.

लूझ आणि लूस यांच्याबाबत मात्र गुन्हेगार आपला कान आहे. एक ओ-वाला शब्द म्हणजे हरवणं, हरणं. त्याचा उच्चार लूझ. दोन ओ-वाला म्हणजे सैल, त्याचा खरा उच्चार लूस. पण आपण मराठीत 'कनेक्शन लूज आहे', 'स्क्रू लूज झालाय' असंच म्हणतो. म्हणजे सैलसाठी जो उच्चार आपल्या तोंडात बसलाय तो हरवण्याचा आहे. मग लिहिताना दुसरा ओ कुठे घालायचा हे कान सांगणार कसं? आठवडाभर ठरवून 'लूस' म्हणा, स्पेलिंग आपोआप सुधारेल.

आता तुमची 'बाय' आणि 'अनटिल' ही जोडी. हे दोन शब्द सारखे दिसत नाहीत, सारखे ऐकूही येत नाहीत. इंग्रजी घरात वाढलेल्या माणसाला यांची जोडी लावावीशीच वाटणार नाही, म्हणून त्यांच्या यादीत ती फारशी सापडत नाही. ही जोडी मराठीने लावली आहे. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे: पर्यंत. 'शुक्रवारपर्यंत अर्ज पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत इथेच थांबा'. पहिल्यात काम एकदाच घडायचं आहे, त्या दिवसाच्या आत केव्हाही. दुसऱ्यात काम तो दिवस येईतो सलग चालू राहायचं आहे. आपल्याला फरक कळतो, पण तो आपण क्रियापदावरून काढतो, 'पर्यंत'वरून नाही. इंग्रजी तो फरक शब्दातच दाखवायला लावते.

यावर उपाय मराठीतच आहे. 'पर्यंत' काढून तिथे 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत अर्ज पाठवा': बसलं, म्हणजे बाय. 'शुक्रवारच्या आत इथेच थांबा': बसत नाही, म्हणजे अनटिल. तुमचं वाक्य घ्या. 'शुक्रवारच्या आत मसुदा तुमच्याकडेच ठेवा' असं कुणी म्हणेल का? तिथेच कळलं असतं.

'पासून'चंही असंच आहे. सिन्स की फॉर, यात मोठमोठी शिकलेली माणसं 'सिन्स टू इयर्स' लिहितात, कारण मनात 'दोन वर्षांपासून' असतं. इथे 'पासून' काढून टाकून बघा. 'मी दोन वर्षं काम करतेय': वाक्य उभं राहिलं, म्हणजे फॉर. 'मी २०१९ काम करतेय': पडलं, म्हणजे सिन्स. कालावधी असेल तर 'पासून'शिवाय चालतं, सुरुवातीचा क्षण असेल तर चालत नाही. व्याकरणाचं पुस्तक हेच सांगतं, पण आपल्या भाषेत तपासलं की ते अंगात उतरतं.

'कमी'ला इंग्रजीत दोन शब्द आहेत, लेस आणि फ्युअर. 'कमी' हा शब्द बदलत नाही, म्हणून त्याच्या जागी 'थोडा' घ्या, तो बदलतो. थोडं पाणी, थोडी माहिती, थोडा वेळ: एकवचन, लेस. थोडे शब्द, थोड्या चुका: अनेकवचन, फ्युअर. एक धोका आहे. आपण 'थोडे पैसे' आणि 'थोडे केस' म्हणतो, पण इंग्रजीत मनी आणि हेअर मोजायचे नसतात, तिथे लेसच.

आणि अफेक्ट-इफेक्टची जी चलबिचल होते, तीही मला याच जातीची वाटते. वरच्या मित्रांनी सांगितलेली युक्ती चांगली आहे. पण मुळात गोंधळ का होतो? मराठीत दोन्हीकडे 'परिणाम' आहे. 'पावसाचा कामावर परिणाम झाला' यात 'परिणाम झाला' हे दोन शब्द मिळून एक क्रिया आहे: अफेक्ट. 'तो परिणाम फार काळ टिकला' यात परिणाम एकटा उभा आहे: इफेक्ट. (मराठी तपासताना मी 'परिणाम'च्या जागी 'परिमाण' इतक्या वेळा दुरुस्त केलंय, की जवळच्या शब्दांची अदलाबदल ही फक्त परभाषेतली अडचण आहे असं मला कधी वाटत नाही.)

तर तुमचा दुसरा प्रश्न, न दिसणारी जोडी शोधायची कशी? इंग्रजी यादी घेऊन बसू नका. मराठी शब्द घ्या आणि विचारा, याला इंग्रजीत किती शब्द आहेत? सावली घ्या: उन्हातून आत आल्यावर मिळते ती शेड, अंगाबरोबर चालते ती शॅडो. बोट घ्या: हाताचं फिंगर, पायाचं टो. घर घ्या, करणं घ्या, शंका घ्या.

शंकेचं एक माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते. परदेशी लेखकाच्या मजकुरात मला एक आकडा समजला नाही, म्हणून मी लिहिलं, 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर फिगर्स'. वर्गात हात वर करून आपण शंका विचारतो, त्याच अर्थाने. त्यांनी वाचलं, तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. उलट टपाली चार परिच्छेदांचं स्पष्टीकरण आलं, शेवटी थोडं दुखावलेलं एक वाक्य. मला फक्त प्रश्न होता. मी क्वेश्चन लिहायला हवं होतं. आपल्याकडच्या इंग्रजीत डाउट त्या अर्थाने सर्रास चालतो आणि आपसांत काहीच बिघडत नाही. बाहेर लिहिताना तो शब्द अविश्वास घेऊन जातो. त्या लेखकांना मी नंतर फोन केला, तेव्हा पहिली पाच मिनिटं फक्त हेच समजावण्यात गेली.

तिसरा प्रतिसाद

वरचं सगळं पटलं, 'पासून'ची चाचणी तर आजपासून वापरणार. दोन गोष्टी जोडतो, कारण मूळ प्रश्नात जी धास्ती दिसते ती थोडी कमी व्हावी असं मनापासून वाटतं.

लेस आणि फ्युअरची भिंत आज जेवढी पक्की सांगतात तेवढी ती पूर्वी नव्हती. इंग्लंडचा राजा आल्फ्रेड नवव्या शतकात 'लेस'चंच जुनं रूप शब्दांच्या संख्येसाठी वापरतो. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने आपल्या पुस्तकात लिहिलं की मोजता येणाऱ्या गोष्टींना फ्युअर त्याला जास्त बरा वाटतो. ती त्याची आवड होती. पुढच्या व्याकरणकारांनी तिचा नियम केला. औपचारिक लेखनात नियम पाळावा, मीही पाळतो. पण कुणी बोलताना लेस म्हणाला म्हणून त्याला इंग्रजी येत नाही असं ठरवू नये. वय, अंतर आणि रक्कम सांगताना तर नियम पाळणारेही 'लेस दॅन फाइव्ह माइल्स' असंच लिहितात, कारण तिथे मैल सुटे मोजलेले नसतात, एक सलग अंतर असतं.

तसंच इट्सचं. ॲपॉस्ट्रॉफीवाला म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज', बिनॲपॉस्ट्रॉफीचा म्हणजे 'त्याचा'. आज हा फरक चुकला की लोक नाकं मुरडतात. अमेरिकेच्या १७८७ सालच्या राज्यघटनेच्या हस्तलिखितात, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, 'त्याचे' या अर्थी ॲपॉस्ट्रॉफीसकट इट्स लिहिलेलं आहे. त्या काळी तसं लिहिणारे बरेच होते.

दुसरी गोष्ट, सी आणि एसची. ॲडव्हाइस हे नाम, सी-वालं, शेवटी स. ॲडव्हाइझ हे क्रियापद, एस-वालं, शेवटी झ. इथे कान मदत करतो. हीच रीत ब्रिटिश पद्धतीत प्रॅक्टिस आणि लायसन्सला लागते: नामाला सी, क्रियापदाला एस. तिथे उच्चार एकच असल्याने अडलात तर ॲडव्हाइस आठवा. अमेरिकेत मात्र प्रॅक्टिस दोन्हीकडे सी आणि लायसन्स दोन्हीकडे एस. त्यामुळे संगणक एका ठिकाणी लाल रेघ ओढतो आणि साहेब दुसऱ्या ठिकाणी. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मजकूर कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी ठरवा, नुसता शब्द बघून निकाल लागणार नाही.

आणि पहिल्या प्रतिसादाला एक पुरवणी: ई-वाला शब्द क्रियापद म्हणूनही येतो. 'टु इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणं. 'टु अफेक्ट अ चेंज' म्हटलं तर, होत असलेल्या बदलावर परिणाम करणं. क्वचित लागतो, पण ठरावात किंवा करारात दिसला तर चूक समजून खोडू नका.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं 'च्या आत' मी लगेच जुन्या ईमेलवर लावून पाहिलं. सहा ठिकाणी चुकलं होतं, सहाही वेळा वाचणाऱ्याने संदर्भावरून सांभाळून घेतलं असणार. म्हणूनच मला कधी कळलं नाही.

एका वाक्यावर अडले. 'सही होईपर्यंत पाठवू नका' हे ठीक, अनटिल. पण 'शुक्रवारपर्यंत काम संपणार नाही' याला 'शुक्रवारच्या आत काम संपणार नाही' हेही बसतं. मग तिथे बाय का? मला तर दोन्ही लिहिलेलं आठवतंय.

दुसरा प्रतिसाद देणाऱ्या ताई

बरोबर पकडलंत. नकार आला की माझी चाचणी अपुरी पडते, ते मी लिहायला हवं होतं. नकारात दोन्ही येतात, पण अर्थ वेगळा. 'इट वोन्ट बी फिनिश्ड बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार येईल तरी काम बाकीच असेल, पुढचं माहीत नाही. 'इट वोन्ट बी फिनिश्ड अनटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारी संपेल, त्याआधी नाही. दुसऱ्यात एक आश्वासन आहे, पहिल्यात नाही. वाट बघणाऱ्या माणसासाठी केवढा फरक पडतो बघा.

मराठीत 'शुक्रवारपर्यंत संपणार नाही' यातून कुठलाही अर्थ निघू शकतो. इथे 'शिवाय' लावून बघा. 'शुक्रवार उजाडल्याशिवाय संपणार नाही' हे म्हणायचं असेल तर अनटिल. 'सही झाल्याशिवाय पाठवू नका': अनटिल. 'शिवाय'ने तुमचा अर्थ बिघडत असेल, तर बाय.

आणि एक विनंती. जुनी वही फेकू नका. स्पेलिंगच्या जोड्यांना ती लागेलच. डिस्क्रीट सारखे शब्द नियमाने सुटत नाहीत, तिथे खूणच लागते. दोन ई शेजारी असलेला म्हणजे बोलण्या-वागण्यात जपून राहणारा. टीने दोन ई वेगळ्या पाडलेला म्हणजे सुटा, अलग. कॉम्प्लिमेंटमध्ये आय म्हणजे स्तुती, ई म्हणजे पूरक, कम्प्लीटमधली ई. तेवढं करताना भूमितीकडे मात्र बघू नका: आपल्या पाठ्यपुस्तकातले पूरक कोन हे इंग्रजीत सप्लिमेंटरी आहेत, आणि ई-वाले कॉम्प्लिमेंटरी म्हणजे कोटिकोन. एका भाषांतरात मीच हे उलटं करून ठेवलं होतं, आणि नव्वद अंश हवे तिथे एकशे ऐंशी आले होते.

प्रश्नकर्ती

ताई, वही फेकली नाही. उलट बाजूने नवी सुरुवात केली आहे. तिकडे डाव्या पानावर मराठी शब्द आहे आणि उजवीकडे त्याचे इंग्रजी वाटेकरी. पर्यंत, पासून, कमी, परिणाम, शंका, सावली ही पानं झाली. 'ऐकणं' लिहायला घेतलं तर लक्षात आलं की तिथे मराठीच मदतीला आहे: ऐकू येतं ते हिअर, ऐकतो ते लिसन. दिसणं आणि पाहणंही तसंच, सी आणि लुक. ती दोन पानं मी सोडून दिली.

मग काल एका बैठकीच्या मराठी टिपणावरून इंग्रजी निरोप लिहीत होते. टिपणात होतं, 'परवाच्या बैठकीचे मुद्दे'. परवा म्हणजे कालच्या आदला दिवसही आणि उद्यानंतरचा दिवसही. बोलताना क्रियापद सांगतं, परवा झाली की परवा होणार. या ओळीत क्रियापद नव्हतं. इंग्रजीत एक दिवस निवडल्याशिवाय मला पुढे जाता येईना. महिनाभरापूर्वी मी अंदाजाने एक लिहून टाकलं असतं. या वेळी टिपण लिहिणाऱ्यांना फोन केला. बैठक व्हायची होती.

'परवा' सातव्या पानावर लिहिलं आहे.